‘थांबा’ म्हणणारी पेशी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. किती जुनी, हे मात्र मला नक्की सांगता येणार नाही. आम्ही पेशी दुभंगतो, एकीच्या दोन होतो. त्यामुळे जी पहिल्यांदा जन्मली ती मीच, की मी तिची पणती आणि आठवणी तेवढ्या तिच्याकडून आलेल्या, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. तेव्हा माझ्या बोलण्यात कुठे चूक निघाली तर सांभाळून घ्या.

माझे घर म्हणजे आम्रपाली. ती तेरा वर्षांची आहे आणि पुण्यात दांडेकर पुलाजवळ राहते. तिच्या रक्तातून मी फिरते. बाहेरचे मला काही दिसत नाही. पण तिच्या कानामागच्या बारीक रक्तवाहिनीतून जाताना मी जरा रेंगाळते आणि बाहेरचे बोलणे ऐकते. घरातल्या माणसांविषयी जे सांगणार आहे ते असे ऐकलेले आहे. रक्तात जे घडले ते मात्र मी स्वतः सोसलेले आहे.

माझा जन्म हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत झाला. तिथून मला शाळेत पाठवले. आमची शाळा छातीच्या हाडामागे असते. थायमस नावाची ती एक ग्रंथी आहे. लहान मुलांत ती मोठी असते आणि वय वाढते तशी आक्रसत जाते. तुमच्या शाळेत नापास झालेल्याला पुन्हा परीक्षेला बसता येते. आमच्याकडे तशी सोय नाही. तिथे शरीराचेच निरनिराळे तुकडे आमच्यासमोर धरतात. जी पेशी घरच्याच तुकड्यावर तावातावाने धावून जाते, तिला तिथल्या तिथे संपवतात. शंभरातल्या दोन-चार जणीच शाळेबाहेर पडतात.

त्यांच्यात मी कशी आले, याचे मला आजही नवल वाटते. कारण घरचा तुकडा समोर आला तेव्हा मी अगदीच गप्प बसले नव्हते. मी त्याला थोडे ओळखले होते. अशा काही जणींना न मारता वेगळे काम देतात. ‘घरच्यांना ओळखतेस ना, मग त्यांना जप,’ असे जणू सांगतात. आम्हाला नियामक पेशी म्हणतात.

आमचे काम दिसण्यासारखे नाही. आम्रपाली सहा वर्षांची असताना खडीवर पडली आणि तिचा गुडघा फुटला. जखमेतून जंतू आत शिरले. मारक पेशी धावत गेल्या आणि जंतूंचा फडशा पाडून आल्या. पण लढाई संपली हे लढणाऱ्याला लवकर कळत नाही. अशा वेळी आम्ही जातो. आम्ही कोणाला मारत नाही. नुसते जवळ जाऊन बसतो, त्यांना चेतवणारे रसायन स्वतः पिऊन टाकतो आणि हळूच म्हणतो, थांबा, एकदा नीट बघा, हे आता आपलेच आहे. मग त्या शांत होतात आणि सूज उतरते. ताप गेला की सगळे लढणाऱ्यांचे नाव घेतात. भांडण सोडवणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. नाव घेतले असते तर मीच संकोचाने लपून बसले असते.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला जड जाते.

आम्रपालीच्या पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड आहे. त्यात पेशींची लहान लहान बेटे आहेत आणि त्या बेटांवर बीटा पेशी राहतात. इतक्या कामसू पेशी मी दुसऱ्या पाहिल्या नाहीत. रक्तात साखर किती आली हे त्या चाखून ओळखतात आणि तेवढेच इन्शुलिन सोडतात. इन्शुलिन म्हणजे दार उघडणारा निरोप. तो आला नाही तर साखर पेशींच्या दारात उभी राहते आणि आत पेशी उपाशी मरतात.

आम्रपाली नऊ वर्षांची असावी. एक दिवस वार्ताहर पेशी स्वादुपिंडाजवळच्या लसिका ग्रंथीत एक तुकडा घेऊन आल्या. ती ग्रंथी म्हणजे आमची चावडी. तुकडा बीटा पेशींचा होता. पण चावडीत कसा कोण जाणे, तो परक्याचा ठरला. मारक पेशी खवळल्या. दुसऱ्या काही पेशींनी त्या तुकड्यावर चिकटणारी प्रतिद्रव्ये बनवायला घेतली. मी तिथेच होते. मी म्हणाले, थांबा, एकदा नीट बघा.

माझे कोणी ऐकले नाही.

असे का झाले? कोणी म्हणते, एखाद्या विषाणूमुळे त्यांची दिशाभूल झाली. कोणी म्हणते, हा कल वारशाने येतो. मोठमोठे शास्त्रज्ञ अजून शोधत आहेत, तिथे मी काय सांगणार? आम्ही थोड्या होतो आणि आमच्यात जोर राहिला नव्हता, एवढे खरे. मारक पेशींना मी दुष्ट म्हणणार नाही. याच पेशींनी आम्रपालीला कितीदा तापातून वाचवले होते. आपण घर राखतो आहोत, असेच त्यांना वाटत होते. त्या एकेका बेटावर उतरल्या. पुढची दीड-दोन वर्षे बेटे ओस पडत गेली आणि बाहेर कोणाला काहीही कळले नाही.

जानेवारीत कळले. अकरा वर्षांची आम्रपाली तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागली, वर्गातून सारखी लघवीला जाऊ लागली, तिचे कपडे सैल झाले. मग एका सकाळी उलट्या सुरू झाल्या आणि तिला इस्पितळात नेले. तेव्हाचे रक्त मला आठवते. ते दाट आणि आंबूस झाले होते, आणि त्यात साखर इतकी होती की मला पुढे सरकताही येईना. सगळीकडे अन्न आणि सगळे उपाशी.

आणि मग इन्शुलिन आले. ते स्वादुपिंडाकडून आले नाही. ते हाताच्या शिरेतून आले, जिथून कधी यायला नको तिथून. आम्ही सगळ्या दचकलो. पण दारांनी त्याला ओळखले आणि ती एकेक करून उघडली. मित्रांनो, ते इन्शुलिन कोणी बनवले, कोणी बाटलीत भरले, कोणी थंड राखून पुण्यापर्यंत आणले, हे मला माहीत नाही. आम्ही आतल्यांनी जे मोडले होते, ते या बाहेरच्या अनोळखी माणसांनी भरून दिले. त्या सगळ्यांना माझा नमस्कार आहे.

दोन दिवसांनी आम्रपालीच्या उशाशी तिची आई शर्मिला रडत होती.

“माझंच चुकलं. रोज डब्यात क्रीमची बिस्किटं देत होते मी.”

तिला उत्तर दिले ते अस्मितासिस्टरने. मधुमेह झालेल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना शिकवायचे काम तिच्याकडे होते.

“ताई, हा बिस्किटांचा मधुमेह नाही. तिच्याच पांढऱ्या पेशींची गफलत झाली. यात तुमची चूक नाही आणि तिचीही नाही.”

शर्मिलाचे रडणे थांबले म्हणून मला हायसे वाटले. स्वतःची मात्र लाज वाटली.

त्यानंतर शर्मिला तोंड धुवायला गेली. आम्रपालीचे बाबा, संजय, औषधे आणायला खाली गेले होते. ते हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसगाड्यांवर देखरेख करतात. आम्रपाली झोपली होती. अस्मिता जे सर्वांत महत्त्वाचे बोलली, ते त्यामुळे एकट्या आबांनी ऐकले.

आबा म्हणजे रामदास, संजयचे वडील. त्यांनी चौतीस वर्षे एका ग्रंथालयात पुस्तके दिली-घेतली. बोलणे कमी, वाचणे फार. घरात त्यांना कोणी काही विचारत असेल तर एवढेच, “आबा, जेवलात का?”

अस्मिता म्हणाली, “आजोबा, लिहून घ्या. काही आठवड्यांनी इन्शुलिन कमी कमी लागायला लागेल. पोर बरी झाली असं समजू नका. तिच्या थोड्या पेशी अजून जिवंत आहेत. बाहेरून इन्शुलिन मिळालं की त्यांना विसावा मिळतो आणि त्या पुन्हा काम करतात. काही महिनेच. तेवढ्यात सुई बंद केली तर पुन्हा इथंच यायला लागेल.”

आबांनी लिहून घेतले. पेन कागदावर खूप वेळ चालत होते.

घरी आल्यावर त्यांनी एक वही केली. रोजची साखर आणि रोजचे इन्शुलिन त्या वहीत. ग्रंथालयाने निवृत्तीच्या दिवशी त्यांना जुना तारखेचा शिक्का दिला होता. त्यावरची वर्षे संपली होती, म्हणून तो ग्रंथालयाच्या उपयोगाचा राहिला नव्हता. तारीख आणि महिना आबा शिक्क्याने उठवत आणि वर्ष पेनाने लिहीत. रोज सकाळी ‘ठक्’ असा आवाज यायचा. मला तो आवडू लागला.

अस्मिता म्हणाली तसेच झाले. आम्रपाली इस्पितळातून आली तेव्हा तिला दिवसाला इन्शुलिनची चोवीस युनिट लागत होती. ती कमी कमी होत गेली आणि डॉक्टर तपासून आकडा खाली आणत गेले. आतून मी पाहत होते. ओस पडलेल्या बेटांवर कुठे कुठे एखादी बीटा पेशी उरली होती. बाहेरून मदत आली म्हणून ती पाठ टेकून श्वास घेत होती आणि पुन्हा थोडे थोडे इन्शुलिन सोडत होती. मला भरून आले. पण मारक पेशी किनाऱ्यावर तशाच बसल्या होत्या. त्यांचे काम संपले नव्हते.

त्याच सुमारास कांताआत्या पावडर घेऊन आली. ती संजयची थोरली बहीण. स्वारगेट आगारात एसटीची वाहक आहे, त्यामुळे तिचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचतो. आम्रपालीवर तिचा फार जीव. एका प्रवाशाने तिला कुठल्याशा वैद्याचा पत्ता दिला होता. सुटीचा दिवस मोडून ती तिथे गेली आणि कडू पावडरीचा डबा घेऊन आली. आम्रपाली ती नाक दाबून घ्यायची. त्या पावडरीने मारक पेशींचे काहीच बिघडले नाही, उरलेल्या बीटा पेशींनाही ती कळली नाही. पण बाहेर युनिट कमी होत होती, आणि आत्याला दुसरे कारण दिसतच नव्हते.

मे महिन्यात सहा युनिटवर आल्यावर आत्याने जाहीर केले, “बुद्धपौर्णिमेला सुई बंद. चांगला दिवस आहे. मी खीर करून आणते.”

आबा काहीच बोलले नाहीत. पण दुपारी आम्रपाली वाचत बसली की ते जवळ येऊन बसत. एकदा त्यांनी अगदी हळू विचारले, “आमू, त्या सिस्टर सुई बंद करू नका म्हणाल्या होत्या. की मीच चुकीचं ऐकलं?”

“मला काय विचारता आबा, मी झोपले होते.”

“हो, तेही खरंच,” आबा म्हणाले आणि वही मिटण्याचा आवाज आला.

मित्रांनो, तेव्हा मला फार भीती वाटली. खरे ठाऊक असूनही स्वतःवर शंका घेणारा माणूस मी ओळखते. चावडीत मीही असेच हळू बोलले होते.

बुद्धपौर्णिमेला सकाळी वंदना झाली. मग वेलदोड्याचा विषय निघाला, म्हणजे खीर आली होती. आत्याचा आवाज घरभर होता.

“झालं. आजपासून पोरीला भोकं पाडणं बंद. चोवीसवरून सहावर आली की नाही? कशानं आली?”

“पावडरनं म्हणतेस?” संजयने विचारले.

“मग काय तुझ्या हिंजवडीच्या हवेनं?”

शर्मिला म्हणाली, “ताई, डॉक्टरांना एकदा विचारलं असतं.”

“विचार की. सुईवाला सुईच चांगली म्हणणार.”

संजय म्हणाले, “दोन दिवस बघू. साखर वाढली तर परत सुरू करू.”

दोन दिवस! त्यांना हा काळ लहान वाटत होता. त्या बेटांवर उरलेल्या मूठभर पेशींवर दोन दिवसांचे सगळे ओझे पडणार होते. आंबूस झालेले रक्त मी विसरले नव्हते. मी रक्तातून ओरडून काय सांगणार? आणि सांगितले तरी माझे ऐकले जाते कुठे?

तेवढ्यात खुर्ची करकरली.

“कांता, थांब.”

आत्या बोलतच होती. वाट्या कुठे ठेवल्यात, चमचे धुतलेत का.

“थांब जरा,” आबा पुन्हा म्हणाले. आवाज पहिल्याहून मोठा नव्हता.

मग माझ्या अगदी जवळून आम्रपालीचा आवाज आला. “आत्या, आबा बोलतायत.”

घर गप्प झाले. वहीची पाने उलटल्याचे ऐकू आले.

“पावडर कधी आणलीस तू?”

“होळीच्या आसपास असेल. का?”

“दहा मार्च. इथं शिक्का आहे. आणि सुई पहिल्यांदा कमी केली ती नऊ फेब्रुवारीला. चोवीसवरून वीस. मग सोळा. पावडर आली त्या दिवशी बारा युनिट होती.”

“म्हणजे माझी पावडर खोटी?”

“खरी-खोटी मला कळत नाही. उशिरा आली, एवढं कळतं. गाडी सुटल्यावर कोणी धावत येऊन चढला आणि म्हणाला, गाडी मीच हलवली, तर तू त्याला काय म्हणशील?”

कोणीतरी हसू दाबले. बहुधा शर्मिलाने.

आबांनी मग इस्पितळात लिहून घेतलेले वाचून दाखवले. शेवटी म्हणाले, “हे मी आधीच बोलायला हवं होतं. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. अजूनही वाटतं. म्हणून संजय, तू त्या सिस्टरना फोन लाव. मी चुकलो असेन तर पुन्हा बोलणार नाही.”

संजयने फोन लावला. अस्मिताचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“आजोबांनी अगदी बरोबर लिहिलंय,” ती म्हणाली. “एक दिवससुद्धा बंद करू नका. आणि त्या पावडरमध्ये काय आहे ते आपल्याला माहीत नाही, तेव्हा ती देऊ नका. खीर? खाऊ दे ना. किती खाणार ते सांगा, किती युनिट घ्यायची ते डॉक्टरांना विचारून सांगते.”

“एकच वाटी,” आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने, “पण माझी वाटी मोठी आहे म्हणावं.”

त्या दिवशी आम्रपालीने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने सुई घेतली. तिकिटावरून भल्याभल्यांशी भांडणारी आत्या तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी होती. आम्रपाली अजून तिला त्यावरून चिडवते. आत्या म्हणते, “भिंतीला रंग कुठला द्यावा ते बघत होते.”

खीर खाऊन झाल्यावर आम्रपाली आबांना म्हणाली, “आबा, माझ्या जन्मापासून एवढं बोलला नव्हतात तुम्ही.”

“कोणी थांबलंच नाही,” आबा म्हणाले.

मी तेव्हा स्वादुपिंडाकडे निघाले होते. बाहेरून आलेले इन्शुलिन माझ्या पुढे धावत होते. उरलेल्या बेटावरच्या म्हाताऱ्या बीटा पेशीने त्याला पाहिले आणि आपले काम जरा हलके केले. मला जे जमले नाही ते एका हळू बोलणाऱ्या माणसाला जमले होते, कारण एका मुलीने त्याचा आवाज ऐकला होता. त्या दोघांचे उपकार मी कसे फेडू?

ती विश्रांती दिवाळीपर्यंत टिकली. मग युनिट वाढत गेली, अस्मिताने सांगितले होते तशीच. आज ती बेटे जवळजवळ शांत आहेत. मी तिथून जाताना थोडी थबकते. आम्रपाली मात्र शाळेत जाते, खो-खो खेळते, डब्याआधी सुई घेते. हल्ली म्हणे दूरच्या प्रयोगशाळांत माझ्यासारख्या पेशींना बळ कसे द्यावे, यावर काम चालले आहे. ते ऐकून मी संकोचते, आणि आशाही वाटते.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. तुमच्यापैकी कोणाला फार तहान लागू लागली, सारखी लघवी होऊ लागली, वजन उतरू लागले, तर लाजू नका, घरी लगेच सांगा. वर्गात कोणी डब्याआधी सुई घेत असेल तर टक लावून बघू नका, आणि ‘गोड फार खाल्लंस का’ असे विचारू नका. त्याने काही चूक केलेली नाही. जी चूक झाली ती आम्हा आतल्यांची. आणि तुमच्या घरात कोणी हळू आवाजात ‘थांबा’ म्हणत असेल, तर तेवढा वेळ बाकीच्यांना गप्प करा. तो बरोबरच असेल असे मी म्हणत नाही. पण त्याची वही उघडून बघा.

काल सकाळचीच गोष्ट. आता वहीत आम्रपालीच लिहिते. ती म्हणाली, “आबा, नवा शिक्का मागवू का? ऑनलाइन मिळतो. वर्षासकट.”

“याला काय झालं?” आबा म्हणाले. “तारीख उठते, महिना उठतो. राहिलं वर्ष, ते हातानं लिहायचं.”

ठक्, असा आवाज झाला. मग पेनाची बारीक खरखर ऐकू आली. थोड्या वेळाने मांडीकडून इन्शुलिन आले, आणि दारे उघडू लागली.